पिशवी मागे झुकलेली, शुक्रजंतू ४ टक्के: रिपोर्ट कळायचा तर आधी रचना कळायला हवी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'गर्भाशय मागे झुकलेलं' असं वाचून बाई घाबरते. वीर्यतपासणीच्या कागदावर 'नॉर्मल आकाराचे शुक्रजंतू ४ टक्के' दिसलं की पुरुषाची झोप उडते. या दोन्ही ओळी पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवरही असू शकतात. तरी धसका बसतो, कारण या अवयवांशी आपली ओळख शाळेच्या पुस्तकातल्या एका आकृतीपुरती, आणि तो धडाही बहुतेकदा घाईघाईत उरकलेला.

त्या आकृतीतली एक गोष्ट फसवी आहे. तिच्यात गर्भाशय ताठ उभं दिसतं आणि दोन्ही नलिका हात पसरल्यासारख्या दोन बाजूंना. प्रत्यक्षात ओटीपोटात एवढी मोकळी जागा नसतेच. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, मधल्या फटीत गर्भाशय, आणि नलिका मागे वळून बीजकोशांवर ओणवलेल्या. पुरुषातही मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना खेटून असतात. कोण कुणाला टेकून आहे आणि कोणती नळी कुठे उघडते, हे एकदा नीट कळलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

सुरुवात एकाच आराखड्यापासून

गर्भ साधारण सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचे प्रजनन अवयव सारखेच असतात. प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात, एक पुरुषी रचनेसाठी आणि एक स्त्री रचनेसाठी. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक (ते १९९० मध्ये सापडलं) चालू झालं की मूळ ग्रंथीचं वृषण होतं. वृषण दोन कामं करतं. एका संप्रेरकाने, म्हणजे हार्मोनने, स्त्री रचनेची जोडी विरघळवून टाकतं आणि टेस्टोस्टेरॉनने पुरुषी जोडी टिकवतं. हे जनुक नसेल तर त्याच ग्रंथीचा बीजकोश होतो, पुरुषी जोडी वाळून जाते आणि दुसऱ्या जोडीतून गर्भनलिका, गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो.

याचा पुरावा प्रत्येक पुरुषाच्या अंगावर असतो. वृषणकोशाच्या, म्हणजे अंडकोशाच्या पिशवीच्या मधोमध एक बारीक उंचावलेली रेघ असते. ती पुढे शिश्नाच्या खालच्या बाजूने आणि मागे गुदद्वारापर्यंत जाते. कापडाच्या दोन कडा शिवल्यावर शिवण दिसावी, तशी ती दिसते. ती शिवणच आहे. मुलीत ज्या दोन घड्या वेगळ्या राहून बाहेरचे भगोष्ठ होतात, त्याच मुलात मध्यावर येऊन जुळतात. शिश्नाखालची अशीच जुळणी अर्धवट राहिली तर मुलाचं लघवीचं छिद्र टोकाला न येता शिश्नाच्या खालच्या बाजूला राहतं. हा दोष शस्त्रक्रियेने सुधारता येतो. अशा बाळाची सुंता मात्र आधी करू नये, कारण दुरुस्तीसाठी तीच कातडी उपयोगी पडते.

वृषण पोटाबाहेर का?

इतका नाजूक अवयव असा उघड्यावर का, हा प्रश्न रास्त आहे. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा सुमारे २ ते ३ अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं. गारव्यात पिशवी आक्रसून वृषणांना अंगाजवळ ओढते, उन्हाळ्यात सैल सोडते. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचं जाळं असतं. गरम पाण्याची नळी थंड पाण्याच्या नळ्यांमधून नेली तर पाणी वाटेतच निवतं, तसं धमनीतलं रक्त निवत खाली पोहोचतं. दोन्हींपैकी एक वृषण, बहुधा डावं, थोडं खाली असणं हे अगदी नेहमीचं आहे.

वृषण तयार होतं मात्र वर, मूत्रपिंडांजवळ. तिथून ते जन्माआधी रक्तवाहिन्या आणि नसा बरोबर घेऊन खाली उतरतं. या प्रवासाने तीन गोष्टी मागे ठेवल्या आहेत.

पहिली, प्रवास अर्धा राहणं. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांपैकी सुमारे ३ टक्के बाळांत जन्मावेळी एखादं वृषण खाली आलेलं नसतं. बऱ्याच जणांत ते पुढच्या काही महिन्यांत उतरतं. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर आपोआप उतरण्याची आशा फार उरत नाही. वर्षभरात, फार तर दीड वर्षाचं होईपर्यंत शस्त्रक्रिया करून घ्यावी. 'मोठा झाला की येईल खाली' म्हणून थांबलं तर आतल्या उष्णतेने शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि पुढे त्या वृषणात कर्करोगाचा धोकाही वाढतो.

दुसरी, डावीकडच्या फुगलेल्या शिरा. उजव्या वृषणाची शीर थेट मोठ्या महाशिरेला मिळते, डावी मात्र वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. रक्त चढायला वाट लांब आणि वळण अवघड, म्हणून शिरा फुगण्याचा त्रास बहुतेक करून डावीकडेच होतो. सुमारे १५ टक्के पुरुषांत त्या फुगलेल्या असतात आणि अनेकांना कधी कळतही नाही. फक्त उजवीकडे फुगल्या असतील किंवा आडवं झाल्यावरही ओसरत नसतील, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण वर कुठेतरी शीर दाबली जात असू शकते.

तिसरी सगळ्यांत तातडीची. वृषण एका दोरीला लटकतं आणि ती दोरी पिळली जाऊ शकते. काही मुलांत वृषण मागच्या बाजूने नीट चिकटलेलं नसतं, घंटेतल्या लोलकासारखं मोकळं असतं. पीळ बसला की रक्तपुरवठा तुटतो. अचानक जीवघेणी कळ, उलटी, एक वृषण वर ओढलेलं आणि आडवं दिसणं, ही त्याची लक्षणं. वृषण वाचवायला साधारण सहा तास मिळतात. नसा वरून आलेल्या असल्यामुळे मुलाला कधीकधी दुखणं फक्त ओटीपोटात जाणवतं. लाजेने तो खालचं काही सांगत नाही, आणि पोटदुखीचं औषध देण्यात ते सहा तास निघून जातात. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या वयात येणाऱ्या मुलाला 'खाली दुखतंय का?' हे स्पष्ट शब्दांत विचारायलाच हवं.

वीर्यात शुक्रजंतू किती?

वीर्य म्हणजे शुक्रजंतू, ही समजूत चुकीची आहे. वीर्यातला शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम काही टक्के. साधारण दोन तृतीयांश भाग शुक्राशयांतून, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन ग्रंथींतून येतो, आणि त्यात शुक्रजंतूंना ऊर्जा देणारी फ्रुक्टोज साखर असते. उरलेला बहुतेक भाग प्रोस्टेटचा.

वृषणात बारीक नळ्यांची शेकडो मीटर लांबीची गुंडाळी असते. तिथे तयार झालेले शुक्रजंतू पोहू शकत नाहीत. ते वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या अधिवृषणात जातात. ही उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल अशी एकच वेटोळी नळी. तिच्यातून सरकताना ते पोहण्याजोगे होतात. मूळ पेशीपासून तयार शुक्रजंतूपर्यंत सुमारे ७४ दिवस आणि वरचा प्रवास धरून जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणून आज कडक ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम पुढच्या आठवड्याच्या नव्हे, दोन-अडीच महिन्यांनंतरच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. औषध सुरू करून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी केली तर त्यातून काहीच कळत नाही.

आता ते ४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, एकूण शुक्रजंतू ३ कोटी ९० लाख, पुढे पोहणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हे आकडे ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांवरून काढले आहेत, आणि त्यांच्यातल्या शंभरातल्या पाच जणांचे आकडे यापेक्षाही कमी होते. थोडक्यात, शंभरातले ९६ शुक्रजंतू वेड्यावाकड्या आकाराचे असूनही बाप होता येतं. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचा खंड असावा, आणि एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये.

'नसबंदीने पुरुषत्व जातं'

जात नाही, आणि कारण रचनेतच आहे. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात. ही नळी पिशवीच्या वरच्या भागात बोटांत धरली तर ताठ दोरीसारखी हाताला लागते. टेस्टोस्टेरॉन या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढीमिशा, आवाज यांत फरक पडत नाही, आणि वीर्यही जवळजवळ तेवढंच राहतं. चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. साधारण तीन महिने आणि वीसेक वीर्यपतनं होऊन तपासणीत शुक्रजंतू नाहीत असं दिसेपर्यंत दुसरं गर्भनिरोधक वापरावंच लागतं.

स्त्रियांच्या शस्त्रक्रियेतही हेच. नलिका बंद होते, बीजकोश चालूच राहतात. पाळी पूर्वीसारखी येते.

शिश्न आणि प्रोस्टेट

शिश्नात हाड नसतं आणि ताठरता आणणारा स्नायूही नसतो. स्पंजासारख्या तीन दंडगोल कप्प्यांत रक्त भरतं आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात, एवढंच. तिथल्या धमन्या १ ते २ मिमी रुंद, तर हृदयाच्या ३ ते ४ मिमी. रक्तवाहिन्यांत थर साचू लागला तर बारीक नळी आधी चोंदते. मध्यमवयात ताठरता सतत कमी पडू लागली तर रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावं, नुसती गोळी घेऊन गप्प बसू नये.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती बांगडीसारखी बसलेली असते, तरुणपणी सुमारे २० ग्रॅम. वय वाढलं की ती फुगते आणि मधली नळी आवळते. धार बारीक होते, रात्री उठावं लागतं.

बाहेरून दिसतं ती योनी नव्हे

बाहेरून दिसणाऱ्या भागाला भग म्हणतात. योनी किंवा योनिमार्ग म्हणजे आतली नळी. पायांच्या मध्ये तीन वेगळी छिद्रं असतात: सगळ्यांत पुढे लघवीचं, मग योनिमुख, मग गुदद्वार. लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते असं समजणारी कितीतरी मोठी माणसं आहेत. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी असतो, पुरुषाचा २० सेंमीच्या आसपास. जंतूंना वर चढायला वाट एवढी आखूड, म्हणून स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग जास्त होतो, आणि म्हणूनच धुताना हात पुढून मागे न्यायचा.

आतल्या भगोष्ठांचा आकार, रंग आणि लांबी प्रत्येकीची वेगळी असते. एक बाजू दुसरीपेक्षा लांब असणं हा दोष नाही. ते पुढे जिथे जुळतात तिथे शिश्निका असते. दिसतो तो वाटाण्याएवढा टोकाचा भाग. उरलेला अवयव आत दोन पायांसारखा फाकून हाडाला लागून गेलेला असतो आणि प्रत्येक पाय ५ ते ९ सेंमी लांब असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी ही रचना नीट मोजून १९९८ मध्ये मांडली. इतकी साधी शरीररचना तोवर पाठ्यपुस्तकांत धड नव्हती, हे मला आजही खटकतं. शिश्नासारखीच तीही रक्ताने फुगणाऱ्या ऊतींची बनलेली आहे, कारण दोन्हींचं मूळ एकच.

'पडदा' काय सांगतो?

काहीच नाही. योनिमुखाशी असतो तो पडदा नसून पातळ त्वचेची लवचिक कड असते. ती पूर्ण बंद असती तर पाळी बाहेरच आली नसती. क्वचित एखाद्या मुलीत ती खरंच बंद असते, तेव्हा पाळी न येता दर महिन्याला पोटात दुखतं आणि छोटी शस्त्रक्रिया लागते. एरवी ती जन्मतःच कुणात रुंद, कुणात नाममात्र असते. पहिल्या संबंधात रक्त येईलच असं नाही, आणि ती कड पाहून कुणाचा संबंध आला की नाही हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्ये 'कौमार्य चाचणी' बंद करण्याचं आवाहन केलं. ज्या मुलींना या खोट्या समजुतीपायी अपमान सोसावा लागतो, त्यांच्यासाठी एवढी शरीररचना घरात सगळ्यांनाच ठाऊक असायला हवी.

योनिमार्ग ७ ते १० सेंमी लांब असतो. एरवी त्याच्या भिंती रिकाम्या मोज्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. आत घातलेला कप किंवा टॅम्पॉन पोटात हरवेल का, ही भीती अनेकींना असते. तसं होऊ शकत नाही. वर गर्भाशयाचं तोंड असतं, आणि त्याचं छिद्र अगदी बारीक. तिथले उपयोगी जंतू आम्ल तयार करतात, पीएच ३.८ ते ४.५. म्हणूनच आतून साबणाने किंवा सुगंधी द्रवाने धुणं उलटं नडतं: आम्ल जातं आणि नको ते जंतू वाढतात. थोडंसं पांढरं जाणं स्वाभाविक आहे. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव मात्र दाखवावा.

गर्भाशय: मुठीएवढा स्नायू

गर्भाशय सुमारे साडेसात सेंमी लांब, ५ रुंद आणि अडीच सेंमी जाड, उलट्या नासपतीसारखं. बहुतेक स्त्रियांत ते पुढे, मूत्राशयावर झुकलेलं असतं. साधारण पाचातल्या एकीत मागे झुकलेलं असतं. काही डावखुऱ्या असतात, तसंच हे. त्याने दिवस राहायला अडथळा येत नाही. फार दुखत असेल आणि गर्भाशय मागे घट्ट चिकटलं असेल, तर चिकटवणारा आजार शोधायचा असतो. झुकणं हा आजार नव्हे. पोटावरून सोनोग्राफी करताना लघवी रोखून यायला सांगतात तेही याच शेजारामुळे: भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्यातून मागचं गर्भाशय स्पष्ट दिसतं.

आतल्या अस्तराचे दोन थर असतात. हिरवळ कापली तरी मुळं राहतात, तसं पाळीत वरचा थर गळतो आणि खालच्यातून तो पुन्हा उगवतो. पाळी संपताना अस्तर ३-४ मिमी असतं, पुढची यायच्या सुमारास १० मिमीच्या पुढेही जातं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त आणि दर महिन्याला तसं होत असेल तर हिमोग्लोबिन घसरतं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायचा, कारण तेव्हा गळण्याजोगं अस्तर उरलेलं नसतं.

या अवयवाची खरी ताकद स्नायूत आहे. एरवी ६० ग्रॅमच्या आसपास असलेलं गर्भाशय नऊ महिन्यांत सुमारे एक किलोचं होतं, आणि शेवटी त्यातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा अधिक रक्त वाहतं. वार सुटल्यावर त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना बंद करतो तो हा स्नायूच. त्याचे तंतू एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात. ते आकसले की रक्तवाहिन्यांना चहूकडून गाठ बसते. स्नायू सैल राहिला तर काही मिनिटांत बाई दगावू शकते. म्हणून बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात आणि पोटावरून गर्भाशय टणक झालंय का ते चाचपतात.

खालचं तोंड म्हणजे ग्रीवा. तिथे योनिमार्गाची चिवट त्वचा आणि आतली नाजूक त्वचा एका रेषेवर भेटतात. एचपीव्ही विषाणू नेमका याच सांध्यावर घर करतो आणि तिथूनच कर्करोग सुरू होतो. तपासणीत ब्रश तिथेच फिरवतात. सांधा नजरेला पडतो, बदल व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात, म्हणून हा कर्करोग वेळेत पकडता येतो. लस ९ ते १४ वर्षांच्या वयात, आणि निदान ३५ आणि ४५ व्या वर्षी एचपीव्ही तपासणी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे.

नलिका आणि बीजकोश यांच्यातली फट

गर्भनलिका १० ते १२ सेंमी लांब. ती बीजकोशाला जोडलेली नसते. तिच्या टोकाला झालर असते. बीज बाहेर पडलं की ही झालर बीजकोशावरून फिरते आणि ते उचलते. एका बाजूची झालर दुसऱ्या बाजूचं बीजही उचलू शकते, म्हणून एकच नलिका उरलेल्या स्त्रीलाही दिवस राहतात. बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. भेट नलिकेच्या बाहेरच्या रुंद भागात होते.

पण या फटीमुळे स्त्रीच्या पोटाची पोकळी योनिमार्ग, गर्भाशय आणि नलिकेवाटे बाहेरच्या जगाला उघडी असते. पुरुषात तशी वाट नाही. क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचे जंतू या वाटेने वर चढतात, बरेचदा काहीही न जाणवता, आणि नलिकेत व्रण ठेवून जातात. गर्भाशयाच्या भिंतीतला नलिकेचा भाग जेमतेम १ मिमी रुंद. वाट अडली की गर्भ नलिकेतच रुजतो. चुकीच्या जागी रुजणाऱ्या शंभरांतले ९० हून अधिक गर्भ नलिकेतच असतात. पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात दुखणं, थोडं रक्त जाणं आणि चक्कर, हे एकत्र दिसलं तर तासाभराचाही उशीर नको. नलिका फुटून पोटात रक्त साचलं की ते छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं.

बीजकोशावर 'गाठ' दिसली तर

बीजकोश बदामाएवढे, सुमारे ३ सेंमी. वृषण आयुष्यभर नवे शुक्रजंतू बनवतं. बीजकोश शिल्लक खर्च करतात. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना ६० ते ७० लाख बीजं असतात, जन्मावेळी १० ते २० लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली प्रत्यक्ष बाहेर पडतात ती ४०० ते ५००. उरलेली आतच विरतात, गोळ्या घेतल्या तरी आणि गरोदरपणातही. म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांनी 'बीजं साठून राहतात' हे खरं नाही.

प्रत्येक बीज पाण्याने भरलेल्या फुग्यात वाढतं. बाहेर पडण्याआधी हा फुगा १८ ते २४ मिमीचा होतो. पाळीच्या बाराव्या-तेराव्या दिवशी सोनोग्राफी झाली तर तो हमखास दिसतो, आणि कागदावर २० मिमीची 'सिस्ट' म्हणून उमटू शकतो. महिनाभराने तो दिसत नाही, कारण फुटून गेलेला असतो. तोच आकार पाळी बंद झालेल्या बाईत दिसला किंवा दोन-तीन पाळ्यांनंतरही तसाच राहिला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणून सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं होण्याआधी शेवटच्या पाळीची पहिली तारीख सांगा आणि ती रिपोर्टवर लिहिली आहे का ते बघा.